कामाच्या जागेची रीतभात



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘जीनमधला पाण्याचा माठ’ असे सांगितले होते. ते जरा घोटाळले. पत्रिकेवर असला विषय छापला तर लोकांना वाटेल की कुंभारकामावर व्याख्यान आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. मग दोघांनी मिळून वरचे नाव ठरविले. नाव भारदस्त झाले खरे. परंतु आम्हांला बोलावयाचे आहे ते त्या माठाविषयीच, आणि तो माठ ज्या जागेत ठेवलेला असतो त्या जागेविषयी.

आमचे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटात आणि गावच्या वाचनालयात. तेव्हा आमच्या बोलण्यात पंडिताची शिस्त सापडणार नाही. तीस-पस्तीस वर्षे जीन, प्रेस, ऑईल मिल आणि बाजार समितीच्या आवारात हिंडून जे पाहिले ते सांगतो.

हल्ली मोठ्या शहरांतल्या कंपन्यांत ‘वर्क कल्चर’ हा शब्द फार चालतो. तेथे भिंतीवर सुविचार लावतात, शुक्रवारी रंगीत कपडे घालून येतात, आणि साहेबाला नावाने हाक मारावयास सांगतात. त्याला आमची हरकत नाही. परंतु सुविचार लावलेल्या भिंतीखाली बसलेला माणूस त्याच साहेबाला “हे यंत्र आज चालवू नका” असे सांगू शकतो का, हे आम्ही आधी विचारू. सांगू शकत असेल तर त्या जागेची रीत चांगली. नसेल तर भिंत रंगविण्याचा खर्च फुकट गेला.

रीत म्हणजे काय, हे समजावून देण्यासाठी आम्ही आपणांस आपल्याच खानदेशातली एक जुनी गोष्ट सांगतो. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्याच्या थोडे आधी आपल्या भागातून नागपूरकडे रेल्वे गेली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या काळात, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आणला होता. लढाई संपली आणि भाव उतरले, पण रेल्वे राहिली, आणि वाफेवरच्या जिनिंग-प्रेस एकामागून एक उभ्या राहिल्या. १८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला. त्यापुढे खानदेशातील जिनिंगच्या एका व्यवस्थापकाची साक्ष झाली. त्याने सांगितले ते असे : मार्च-एप्रिलच्या घाईत जीन रात्रंदिवस चालते, तीच ती माणसे सलग आठ-आठ दिवस, रात्र आणि दिवस, काम करतात, यंत्रांवर बहुतेक बायका असतात, आणि इतके तास राबणारी माणसे वरचेवर मरतात.

ही साक्ष आम्ही प्रथम वाचली तेव्हा तिच्यातल्या क्रौर्याने आम्ही तितके चकित झालो नाही. चकित केले ते तिच्या सुराने. साक्षीदार काही लपवीत नाही, ओशाळत नाही, बाजू सावरीत नाही. पाऊस जूनमध्ये पडतो असे सांगावे तसे तो सांगतो. ह्यालाच आम्ही रीत म्हणतो. जे लपवावेसेही वाटत नाही, ज्याचे कारण कोणी विचारीत नाही आणि कोणी देत नाही, ती त्या जागेची रीत. तो व्यवस्थापक घरी कदाचित भला गृहस्थ असेल. कोर्टकचेरीची त्याला धास्ती नव्हती, कारण १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने शंभराहून कमी माणसांचे आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक न चालणारे कारखाने वगळले होते. जीन तर हंगामी. बायका मेल्या त्या कायद्याच्या कुंपणाबाहेर मेल्या. हंगामी कारखाने कायद्याखाली यावयास १९११ साल उजाडावे लागले.

त्याच आयोगासाठी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्या अर्जातल्या मागण्या आपण नीट पाहाव्यात अशी आमची विनंती आहे. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम असावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार व कायमचा अधू झाला तर पोटाची सोय असावी. ह्या पाचांत ‘पगार वाढवा’ अशी एकही मागणी नाही! त्या काळचा पगार काही पोटभर नव्हता. तरीही पहिल्या अर्जात माणसांनी मागितले ते जेवावयास अर्धा तास, आणि ठरल्या दिवशी ठरलेले पैसे. रविवारच्या सुट्टीचा निर्णय मिळावयास १० जून १८९० हा दिवस यावा लागला.

आम्ही युनियनचे लोक. पगारवाढ हा आमचा रोजचा धंदा. तरी सांगतो की, आमच्याकडे जी माणसे रडत येतात त्यांतली निम्मीअधिक पगारासाठी येत नाहीत. “मुकादम आईवरून बोलला,” “मूल तापाने फणफणले होते तरी गेटाबाहेर सोडले नाही,” “सगळ्यांदेखत हजेरीपट फेकला,” ह्यासाठी येतात. पैशाचा आकडा करारात घालता येतो. हे कोणत्या कलमात घालावे?

आता आमचीच एक गोष्ट. ती सांगावयाची की नाही ह्याचा आम्ही पुष्कळ विचार केला.

आम्ही विशी-पंचविशीत असताना ह्या भागातल्या एका जीनमध्ये तेलवाल्याचे काम करीत होतो. जीनचे नाव सांगत नाही. ती आता उभीही नाही. ज्यांनी जुनी जीन पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. दोन्ही बाजूंना यंत्रांची रांग. जुनी माणसे त्यांना रेचे म्हणत. बायका पाट्यांतून कापूस आणून रेच्यावर टाकीत. चामड्याचा रूळ रुई ओढून घेई, सुऱ्या सरकीला अडवीत, रुई पुढे पडे आणि सरकी खाली. सगळ्या रेच्यांना फिरविणारा एक लांबच लांब शाफ्ट जमिनीखालच्या भुयारात असे, आणि त्यावरून प्रत्येक रेच्याला पट्टा गेलेला असे. भुयारात सरकी सांडे, धूळ साठे, ती झाडावयास दिवसातून दोन-तीनदा कोणीतरी खाली उतरे. वाकून जावे लागे. एका हाताशी भिंत आणि दुसऱ्या हाताशी फिरता शाफ्ट.

त्या शाफ्टवर जाळी होती. म्हणजे असावयाची. पट्टा घसरला की तो चढविण्यासाठी जाळीचे चार बोल्ट काढावे लागत आणि पुन्हा लावावे लागत. ह्यात दहा-पंधरा मिनिटे जात. काम ठेकेदाराला गाठीमागे दिलेले. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, शेतकरी थंडीत गाडीखाली झोपलेला. अशात दिवाळीच्या सुमारास कोणीतरी जाळी एकदा काढली ती भिंतीला टेकवून ठेवली. तिथेच ती राहिली. पुढे तिच्यावर बारदान वाळत घालू लागले.

पौषात एके दिवशी भुयार झाडावयास गेलेल्या एका मावशींचा पदर शाफ्टने ओढला. पदर सोडविण्यासाठी त्यांनी उजवा हात घातला. इंजिन बंद होईपर्यंत चार बोटे गेली होती.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा. त्याला एक परिशिष्ट होते आणि त्यात शरीराच्या अवयवांचा तक्ता होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद तीस टक्के गेली असे धरतात. एका हाताची चार बोटे गेली तर पन्नास टक्के. आम्ही तो तक्ता पुढे इतक्यांदा वाचला की तोंडपाठ झाला. मावशींना त्याप्रमाणे पैसे मिळाले, पण साडेतीन वर्षे खेटे घातल्यावर. त्या खेट्यांतच आम्ही कायदा शिकलो आणि युनियनमध्ये आलो. लोक ह्याला आमची कामगिरी समजतात. परंतु आम्हांला ठाऊक आहे ते निराळे आहे. जाळी निघालेली आम्ही दिवाळीपासून पाहत होतो. तेलाची कॅन घेऊन दिवसातून चारदा आम्ही त्या जाळीवरून, म्हणजे तिच्यावरच्या बारदानावरून, गेलो होतो. आम्ही कोणाला काही बोललो नाही.

का बोललो नाही? चौकशीस आलेल्या साहेबांनीही हेच विचारले, आणि आम्ही उत्तर दिले नाही. आज देतो. आदल्या हंगामात एका पोराने भुयारात दिवा नाही म्हणून तक्रार केली होती. त्याला “उद्यापासून तुझ्या घरच्या दिव्यापाशी बस” असे सांगण्यात आले. एवढे एक वाक्य पुरले. त्या एका वाक्याने जीनमधल्या साठ माणसांना कळले की येथे काय बोलावयाचे आणि काय नाही. मावशींना मुकादमाची भीती. मुकादमाला ठेकेदाराची, कारण जाळी लावण्यात वेळ गेला तर गाठी कमी पडणार. फिटरला वाटे, आपण काढली नाही तर आपण का लावावी. मॅनेजर भुयारात उतरतच नव्हते, धोतर मळते. आणि शेठजींना, आम्ही खरेच सांगतो, जाळी काढलेली आहे हेच माहीत नव्हते. अपघात झाल्यावर ते ओट्यावर बसून रडले. ते ढोंग नव्हते. पण त्यांच्यापर्यंत बातमी जाण्याची वाटच त्यांच्या जीनमध्ये नव्हती, आणि ती का नव्हती हे त्यांनी कधी विचारले नव्हते.

रोगट जागा ओळखण्याची खूण आम्हांला तेव्हापासून सापडली. तेथे आवाज नसतो. ज्या कारखान्यात कुरकुर आहे, भांडण आहे, चार माणसे मॅनेजरच्या टेबलाशी उभी राहून हातवारे करीत आहेत, तेथे आम्ही निर्धास्त असतो. जेथे “आमच्याकडे काही तक्रार नाही” असे सगळे एका सुरात सांगतात, तेथे आम्ही प्रथम भुयार पाहावयास जातो.

कापसाच्या आगीचेही तसेच आहे. कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला, यंत्रात घासला, ठिणगी पडली. तेवढ्यात कोणी ओरडले तर बादलीभर वाळूचे काम. पण जेथे पहिला प्रश्न “कोणाच्या हातून झाले?” असा येतो, तेथे ठिणगी पाहणारा आधी इकडेतिकडे बघतो. ती रुई तशीच प्रेसमध्ये जाते आणि गाठ बांधली जाते. दाबलेल्या गाठीत आग आतल्या आत कित्येक दिवस धुमसत राहू शकते. बाहेर धूर दिसेल तेव्हा गोदाम पेटलेले असते. विमा कंपनी मग कारण ‘अज्ञात’ असे लिहिते.

ही केवळ खेड्यातल्या जीनची कथा नव्हे. आपल्या देशाचा पुष्कळ कापूस बांगलादेशात जातो, त्याचे कपडे होतात आणि ते विलायतेत विकले जातात. ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. २३ एप्रिल २०१३ रोजी तिच्या खांबांना तडे गेलेले दिसले. इमारतीत खाली एक बँक होती. तिने आपली माणसे घरी पाठविली. वरच्या शिवणकामाच्या कारखान्यांतल्या मुलींना दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलाविण्यात आले, आणि न आल्यास पगार बुडेल असा दम भरला गेला. तडा त्यांनीही पाहिला होता. २४ तारखेला इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसे मेली. एकाच छपराखाली बँकेचा कारकून “मी आत जात नाही” असे म्हणू शकला आणि शिवणारी मुलगी म्हणू शकली नाही. दोघांना तडा सारखाच दिसत होता. आम्ही रीत म्हणतो ती ह्या दोघांमधल्या फरकाला.

उलट बाजूचे उदाहरण जपानचे. टोयोटाच्या मोटारींच्या कारखान्यात रांगेवर काम करणाऱ्या कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असे. काही चुकते आहे असे दिसले की त्याने ती ओढावयाची. वरचा माणूस धावून येई, आणि चूक तेथल्या तेथे निघाली नाही तर रांग थांबे. दोरी आपल्याकडेही विकत मिळते, दहा-वीस रुपयांचे काम. ओढणाऱ्यावर कोणी खेकसणार नाही, ही खात्री मात्र दुकानात मिळत नाही.

आता माठाकडे येतो.

बोदवडच्या माणसाला पाण्याची किंमत सांगणे म्हणजे मारवाड्याला हिशेब शिकविणे. हंड्यांच्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, काहींनी लहानपणी त्यांत उभे राहून शाळा बुडविली आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या जागेवर कामगारांना समजेल अशा भाषेत तसे लिहावे आणि ती जागा मोरी-मुतारीपासून निदान सहा मीटर दूर असावी, असे सांगून ठेवले होते. कायदे करणाऱ्यांनी मीटर मोजले. माठ किती असावेत हे मात्र त्यांनी लिहिले नाही. त्यांना वाटले असेल, एक पुरे.

आम्ही ज्या जीनमध्ये होतो तेथे दोन होते. कोणी हुकूम काढला नव्हता. एक ओट्यावर, एक भिंतीपलीकडे बाभळीखाली. कोणी कोणत्या माठाचे प्यावे हे नव्या पोराला पहिल्या दिवशी कोणी सांगत नसे आणि तरी दुपारपर्यंत त्याला ते कळत असे. हे शेठजींनी केलेले नव्हते. ठेकेदारानेही नव्हे. हे आम्ही कामगारांनीच केलेले होते, आणि ‘कामगार एकजुटीचा विजय असो’ असे त्याच बाभळीखाली उभे राहून आम्ही ओरडत होतो.

ह्याचा इतिहास जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात पगार अधिक मिळे, पण तेथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकाव नव्हता. कारण काय? तर धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी कसा जावयाचा! मालकाला कोणीही चालले असते. त्याला कापडाशी मतलब. दार अडवून उभे होते ते सोबतचे कामगार. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला, तेव्हा कोठे नाइलाजाने तो मागण्यांत आला. पुढे हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते पाहत होते, आणि आठवड्याचे काम चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. आठ तासांचा दिवस आम्ही सगळे हक्काने सांगतो. माठाची गोष्ट आम्ही सांगत नाही.

युनियनवाल्यांची आणखी एक कबुली. आमच्या कचेरीत एकदा रात्री सभा चालली होती. विषय कामाचे तास. आमचे भाषण रंगात आलेले. मध्येच चहा आला. चहा आणणारा पोरगा बारा-तेरा वर्षांचा. सभेतल्या एका म्हाताऱ्या हमालाने त्याला विचारले, “काय रे बाळा, सकाळी किती वाजता आला?” पोरगा म्हणाला, “सहाला.” तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिले आणि काही बोलला नाही. कप मात्र खाली ठेवला. पुढे त्या पोराला शाळेत घालण्याची खटपट झाली. ती धड जमली असे म्हणवत नाही.

हे सांगतो आहोत ते अशासाठी की, समोर बसलेल्यांपैकी कारखान्याचे मालक एखाददुसरेच असतील. पण दुकान, अडत, दवाखाना, शाळा, पतपेढी ह्यांतून पुष्कळांच्या हाताखाली दोन-चार माणसे आहेत. कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी आपण पाहता. गिऱ्हाईक नसतानाही ती उभीच. तिने बसू नये असा कायदा नाही. मालक दिसला की उठावे लागते म्हणून ती बसतच नाही. केरळमध्ये असल्या दुकानांतल्या बायकांनी बसण्याचा हक्क मागितला, आणि २०१८ साली त्या राज्याने तो कायद्यात घातला. तामिळनाडूने २०२१ मध्ये. एका स्टुलासाठी विधिमंडळ बसवावे लागावे, ह्याचे हसू येते आणि वाईटही वाटते. आपल्या दुकानात स्टूल आणून ठेवावयास मात्र विधानसभेची गरज नाही. ठेवल्यावर एकदा “बस गं पोरी” असे तोंडाने म्हणावे लागेल, नाहीतर ती स्टूल पुसून तसेच ठेवील.

बायकांच्या दुसऱ्या त्रासाविषयी थोडक्यात बोलतो, कारण त्याविषयी बायकांनीच ह्या व्यासपीठावरून बोलावे असे आम्हांला वाटते. १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्यानंतर दहा किंवा अधिक माणसांच्या कामाच्या जागेत तक्रार समिती हवी. त्याहून लहान जागांसाठी आणि घरकाम करणाऱ्यांसाठी जिल्ह्याला समिती आहे. हंगामी काम करणाऱ्या बायकांना आम्ही हे विचारत आलो आहोत. त्यांचा प्रश्न एकच असतो : “तक्रार केली आणि पुढच्या हंगामात बोलावलेच नाही, तर ती समिती येऊन पाट्या उचलील का?” ह्या प्रश्नाला आमच्यापाशी आजवर चांगले उत्तर नाही.

छातीच्या दम्याचीही अशीच गंमत आहे, गंमत म्हणवत नाही तरी म्हणतो. कापसाच्या धुळीने होणाऱ्या विकारात सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि आठवडाभरात हळूहळू सैल होते. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात आणि भरपाईच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत तो आहे. आमच्या माणसांनी त्यातून काढलेला निष्कर्ष असा की, सुट्टी घेतली म्हणून अंग बिघडले! लोखंड्यांनी इतक्या सायासाने मिळविलेल्या सुट्टीवर तिच्याच लाभार्थ्यांनी दोष ठेवावा, आणि नाकाला रुमाल बांधणाऱ्या पोराला “नवरीबाई” म्हणून हसावे. रुमाल बांधण्याची लाज वाटते ही रीतच. तिला बदलावयास शेठजींची परवानगी लागत नाही.

आता जीन पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. २००० साली कापसाचे तंत्रज्ञान मिशन सुरू झाले, त्यातून अनेक ठिकाणी जुने शाफ्ट निघाले, प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर आली, कापूस वाहणारे पट्टे आले. भुयारे बुजली. पण कुंपण पुन्हा हलले आहे. १९४८ च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या दहा माणसांच्या जागेला कारखाना मानले होते. संसदेने २०२० साली मंजूर केलेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेली सुरक्षेची संहिता हा आकडा वीसवर नेते. संहितेत चांगल्या गोष्टीही आहेत, नेमणूकपत्र देण्याची सक्ती त्यांतलीच. परंतु पंधरा माणसांची डाळमिल असेल तर तिची रीत आता बरीचशी तिच्या मालकावर आणि त्या पंधरा माणसांवर सोपविलेली आहे.

म्हणून शेवटी आम्ही काय करून पाहिले तेवढे सांगतो. एका जीनच्या तरुण मालकाला आम्ही तक्रारवही ठेवावयास सांगितले. त्याने हौसेने ठेवली, पेन दोरीने बांधले. दोन महिने वही कोरी. निम्म्यांना लिहिता येत नव्हते, आणि ज्यांना येत होते त्यांचे अक्षर मुकादम ओळखत होता. आमचा बेत फसला. मग जीनमधल्याच एका बाईंनी सुचविले की वही काढा आणि पाळी सुरू होण्याआधी पाच मिनिटे सगळ्यांना ओट्याशी उभे करा, मुकादमाने विचारावे, “आज काय बिघडले आहे?” आणि पहिल्यांदा सर्वांत नव्या माणसाने बोलावे, कारण जुन्यांना बिघडलेले दिसेनासे झालेले असते. मालकाने एक अट मान्य केली : जे बोलले जाईल त्याचे काय झाले हे दुसऱ्या दिवशी तेथेच सांगावयाचे, ‘होणार नाही’ असेल तर तसेही सांगावयाचे.

पहिले चार दिवस सगळे पायांकडे बघत उभे राहिले. मुकादमाला वेळ फुकट जातो असे वाटे आणि तो ते लपवीत नसे. पाचव्या दिवशी सातपुड्याकडून आलेला एक पावरा मुलगा बोलला. त्याला मराठी जेमतेम येत होते. त्याने हात करून दाखविले की, वायरीच्या पेटीला हात लागला की झटका बसतो. सगळे हसले, कारण ते सर्वांनाच माहीत होते आणि सगळे काठीने बटण दाबीत होते. काठी खास त्यासाठी खिळ्याला टांगलेली होती. वायरमन संध्याकाळी आला.

ती पद्धत एक हंगाम चालली. पुढच्या वर्षी मुकादम बदलला आणि ती बंद पडली. गेल्या हंगामात त्या बाईंनी पुन्हा मालकाकडे विषय काढला आणि आता ती तेथे सुरू आहे. शेजारच्या एका ऑईल मिलनेही ती उचलली आहे, फक्त तेथे मुकादमाऐवजी फिटर विचारतो. तिथल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात माठ आतल्या सावलीत आणावयास सांगितले. तो आता दारापाशी लाकडी तिवईवर असतो, लांब दांड्याच्या एकाच ओगराळ्यासह, आणि तो भरण्याची पाळी आठवड्याने फिरते. तिवई थोडी लुटलुटते; सुताराला सांगितले आहे.